यादी आणि नोंदवही



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्या आमच्या सरांनी १९५७ च्या जून महिन्यात आठवीच्या वर्गातील भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला. कागदावर त्यांच्या वळणदार अक्षरात मथळा होता, ‘वाचावयाच्या कादंबऱ्या’. खाली चाळीस नावे. चाळिसाव्या नावाखाली पाच ओळी आखून कोऱ्या ठेवलेल्या. प्रत्येकाने एक शंभर पानी वही घालावी, तीत अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, आरंभाची तारीख, समाप्तीची तारीख आणि शेरा असे सहा रकाने पाडावेत, आणि महिन्याच्या अखेरीस ती वही सरांना दाखवावी, असा नियम होता. सक्ती मात्र नव्हती. वही न दाखविणाऱ्याला सर काही म्हणत नसत, आणि त्याचेच आम्हांला अधिक भय वाटे.

मी तेव्हा यादीच्या मागे लागलो तो वाचनाच्या ओढीने नव्हे, हे आज पासष्टहून अधिक वर्षांनंतर कबूल करावयास हरकत नाही. वर्गात कोणाच्या वहीत किती आकडा झाला ह्याची चढाओढ लागली होती आणि मला पहिले यावयाचे होते. दिवाळीपर्यंत माझा आकडा एकोणीस झाला. विसावे पुस्तक हरिभाऊंचे ‘उषःकाल’. त्याची जाडी पाहूनच माझा धीर सुटला. आरंभीची काही प्रकरणे आणि अखेरची दोन एवढी वाचून मी समाप्तीची तारीख घातली आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘उत्तम’ असे लिहिले. सरांनी वही पाहिली, काही विचारले नाही. माझ्या ‘उत्तम’ शेजारी तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द लिहून वही परत केली, ‘पुन्हा’.

त्या एका शब्दाने माझ्या मनात जो प्रश्न रुजला तोच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. उत्तम पुस्तकांच्या याद्या माणसे का करतात, त्या कोणासाठी केल्या गेल्या, आणि यादी पुरी करणे व वाचणे ह्या दोन गोष्टी केव्हा जुळतात व केव्हा फारकत घेतात? पुढे मी इतिहासाचा अध्यापक झालो. म्हणून हा प्रश्न मी इतिहासाच्याच वाटेने पाहणार आहे.

आरंभ इंग्लंडमधील दोन शेजाऱ्यांपासून करतो. लंडनच्या दक्षिणेस केंट परगण्यातील डाउन नावाच्या खेड्यात चार्ल्स डार्विन राहत असे. १८३८ पासून १८६० पर्यंत त्याने वाचनाच्या वह्या ठेवल्या. त्यांत दोन स्वतंत्र याद्या असत. एक वाचावयाच्या पुस्तकांची, दुसरी वाचून झालेल्या पुस्तकांची. शास्त्रीय ग्रंथ, प्रवासवर्णने, चरित्रे आणि त्यांच्याबरोबर कादंबऱ्याही. उतारवयात आत्मचरित्र लिहिताना त्याने त्या याद्यांकडे मागे वळून पाहिले, तेव्हा आपल्याच उद्योगीपणाचे त्याला आश्चर्य वाटले. त्याच आत्मचरित्रात त्याने आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली आहे. काव्याची गोडी त्याच्या मनातून उतरली, शेक्सपिअर कंटाळवाणा वाटू लागला, पण कादंबरी मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. घरातील माणसे त्याला कादंबऱ्या वाचून दाखवीत आणि तो सर्व कादंबरीकारांना दुवा देई. दुःखान्त कादंबरीविरुद्ध कायदाच करावा, असेही त्याने थट्टेने लिहिले आहे. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ लिहिणाऱ्या माणसाची ही आवड! परंतु त्याची वाचनाची वही ही सर्वस्वी खासगी होती. ती दुसऱ्या कोणाला दाखवावयाची नव्हती, तिच्यावर कोणी शेरा मारणार नव्हते.

ह्याच डार्विनचा तरुण शेजारी आणि स्नेही म्हणजे सर जॉन लबक. पिढीजात सावकारी पेढीचा मालक, पार्लमेंटचा सभासद, मुंग्या-मधमाश्यांचा अभ्यासक. इंग्लंडमध्ये बँकांना ठरावीक दिवशी सुटी देण्याचा १८७१ चा कायदा ह्याच गृहस्थाच्या खटपटीने झाला. लबक लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजचा प्राचार्यही होता. दिवसभर राबून संध्याकाळी शिकावयास येणाऱ्या कामगारांसाठी १८५४ साली ती संस्था निघाली होती. १८८६ च्या जानेवारीत तेथे केलेल्या भाषणात लबकने वाचनीय अशा शंभर पुस्तकांची यादी पुढे ठेवली. हीच यादी पुढे ‘सर्वोत्तम शंभर पुस्तके’ म्हणून गाजली, आणि आजवरच्या बहुतेक शतकी याद्यांचे कूळ शोधीत गेले तर ते तिच्यापाशी पोचते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, ही सर्वोत्तम शंभर पुस्तके आहेत असे लबकने स्वतः म्हटले नव्हते. ज्या पुस्तकांची शिफारस जाणत्यांनी वारंवार केलेली आहे अशी ही पुस्तके आहेत, एवढाच त्याचा दावा होता. ‘सर्वोत्तम’ हे विशेषण वृत्तपत्रांच्या पदरचे. ‘पॉल मॉल गॅझेट’ ह्या सायंदैनिकाने लगोलग मोठमोठ्या लोकांकडे यादी पाठवून त्यांची मते मागविली आणि छापली. रस्किनने तर यादीवर सरळ लेखणी चालवून कित्येक नावे खोडून टाकली. वाद झाला, वादामुळे खप झाला. तेव्हापासून यादी आणि वृत्तपत्र ह्यांचे जे साटेलोटे जमले ते आजतागायत तुटलेले नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची. लबकच्या यादीत महाभारत व रामायण आहेत, पण सारांशरूपाने. कालिदासाचे शाकुंतल आहे, फिरदौसी आहे, कन्फ्यूशियस आहे. कादंबऱ्यांत ‘डॉन क्विक्झोट’, ‘रॉबिन्सन क्रूसो’, गोल्डस्मिथचा ‘व्हिकार’, डिकन्स, थॅकरे, स्कॉट. जिवंत लेखकांना त्याने मुद्दाम वगळले. म्हणजे गिरणी-कारखान्यातून सुटून आलेल्या माणसाच्या फुरसतीच्या तासाभरात जेवढे जग बसू शकेल तेवढे बसविण्याचा हा खटाटोप होता. यादीत राहून गेलेली पुस्तके दाखवून तिची टिंगल करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळांनी केली. परंतु ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, ज्याला वडीलधारे कोणी ‘हे वाच’ म्हणून सांगणारे नाही, अशा माणसाला यादी ही फार मोठी सोय असते. यादीची खरी गरज अशिक्षितालाही नसते आणि विद्वानालाही नसते. ती मधल्या माणसाला असते. आपल्यापैकी बहुतेक जण तसे मधलेच.

कादंबरीला स्वतंत्र यादीचा मान मिळण्यास आणखी बारा वर्षे लागली. १८९८ साली क्लेमंट शॉर्टर ह्या पत्रकाराने ‘द बुकमन’ मासिकात शंभर उत्तम कादंबऱ्यांची यादी दिली. एका लेखकाची एकच कादंबरी, असा त्याचा दंडक होता. जिवंत लेखक त्यानेही वगळले, पण मन राहिले नाही म्हणून आठ जणांचा अपवाद केला. अपवादांची पुरवणी ही प्रत्येक यादीकाराला करावीच लागते असे दिसते. पुढे १९०६ साली जे. एम. डेंट ह्या प्रकाशकाने ‘एव्हरीमन्स लायब्ररी’ सुरू केली तीच मुळी एक हजार पुस्तकांचा संकल्प सोडून. तो हजारावा ग्रंथ निघाला १९५६ साली. डेंट त्याच्या कितीतरी आधी वारला होता. १९०९ मध्ये आर्नोल्ड बेनेट ह्या कादंबरीकाराने साहित्याची अभिरुची कशी घडवावी ह्यावर छोटे पुस्तक लिहिले आणि तीनशेहून अधिक खंडांची यादी किमतींसह दिली. रोज सहा पेन्स बाजूला टाकले तर तीन वर्षांत एवढा ग्रंथसंग्रह घरी येतो, असा हिशेब त्याने मांडला आहे. त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट निवृत्त झाले. पाच फूट लांबीच्या एका फळीवर मावतील एवढी पुस्तके रोज पंधरा मिनिटे वाचली तरी माणसाचे शिक्षण होऊ शकते, असे ते सांगत असत. एका प्रकाशकाने ते वाक्य उचलले आणि ‘हार्वर्ड क्लासिक्स’ ही माला विकावयास काढली. गंमत अशी की तीत कादंबऱ्यांना जवळजवळ जागाच नव्हती. कादंबऱ्यांची वीस खंडांची वेगळी फळी पुढे १९१७ मध्ये निघाली.

सहा पेन्स, पंधरा मिनिटे, पाच फूट. वाचनाचा हिशेब पैशांत, वेळात आणि लांबीत होऊ लागला तो ह्या काळात. हिशेबाविषयी मला तिटकारा नाही. हिशेब ठेवणारा माणूस निदान आपले काय शिल्लक आहे हे तरी जाणतो.

आता आपल्या वडोदऱ्याकडे येतो. यादी कामगारांपुढे वाचून दाखविणे ही एक गोष्ट, आणि यादीतले पुस्तक खेड्यातील माणसाच्या हाती पोचविणे ही दुसरी. ही दुसरी गोष्ट हिंदुस्थानात प्रथम मोठ्या प्रमाणावर ज्या संस्थानाने केली ते आपले. १९०६ साली श्रीमंत सयाजीराव महाराज अमेरिकेत गेले असता तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. त्याच सुमारास संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे होत होते, आणि शाळा सोडल्यावर मुलगा वाचावयाचे विसरणार असेल तर सक्तीचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला येथे आणले. महाराजांच्या राजवाड्यातील वीस हजार पुस्तकांचा खासगी संग्रह हा सेंट्रल लायब्ररीचा पाया ठरला. बॉर्डन १९१३ मध्ये परत गेला, पण एवढ्या तीन वर्षांत त्याने येथे ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग चालविला, वर्गीकरणाची पद्धत बसविली आणि फिरत्या पेट्यांची व्यवस्था उभी केली. १९१२ पासून येथून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघू लागले. ते इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत असे. खेड्यांत वाचनालये काढण्याची चळवळ बॉर्डन येण्याच्या आधीपासून मोतीभाई अमीन ह्यांनी चालविली होती, हेही विसरता कामा नये. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाचे नाव होते आणि घरच्या माणसाचे श्रम पडद्याआड राहतात, हा इतिहासाचा नेहमीचा अन्याय आहे.

त्या फिरत्या पेट्यांचा मी विचार करतो तेव्हा मला त्या प्रत्येक पेटीत एक यादीच बंद केलेली दिसते. लाकडी कुलूपबंद पेटीत मोजकीच पुस्तके मावणार. मग कोणती घालावयाची? हे कोणीतरी मांडवीजवळच्या त्या इमारतीत बसून ठरविले. गावकऱ्याच्या दृष्टीने उत्तम कादंबरी म्हणजे पेटीतून आलेली कादंबरी. जे पेटीत नाही ते जगात नाही.

आमच्या सरांच्या यादीचेही तसेच होते, हे मला फार उशिरा उमगले. त्या यादीत बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ होते, कारण १८५७ ची ती पहिली मराठी कादंबरी. हळब्यांची ‘मुक्तामाला’, गुंजीकरांचे ‘मोचनगड’, हरिभाऊंच्या सात, वामन मल्हारांच्या तीन, केतकरांची एक, फडके-खांडेकरांच्या चार-चार, साने गुरुजी, ‘रणांगण’, ‘गारंबीचा बापू’. सर्वांत ताजी म्हणजे १९५५ ची ‘बनगरवाडी’. ही अभिरुची चोखंदळ होती ह्यात शंका नाही. परंतु ती शाळेच्या दोन कपाटांची अभिरुचीही होती. त्या चाळिसांत स्त्रीने लिहिलेली कादंबरी एकही नव्हती. काशीबाई कानिटकरांचे ‘रंगराव’ नव्हते. विभावरी शिरूरकरांचे ‘हिंदोळ्यावर’ तर असणेच शक्य नव्हते. नवऱ्यापासून दुरावलेली स्त्री विवाहाच्या चौकटीबाहेर सहजीवनाचा आणि मातृत्वाचा विचार करते, हे १९३४ साली पुण्या-मुंबईला मानवले नाही. १९५७ साली आमच्या आठवीच्या भिंतीवर ते कसे यावे?

मराठीत यादी करण्याचे काम तीन तऱ्हांनी झाले आहे, असे मला दिसते. एक तऱ्हा इतिहासाचार्य राजवाड्यांची. १९०२ साली त्यांनी ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला आणि युरोपीय कादंबरीचे माप मराठी कादंबरीला लावले. त्या मापाने आपली कादंबरी तोकडी पडली ह्यात नवल नाही. राजवाड्यांच्या फटकाऱ्यात तळमळ होती, पण वाचकाच्या हाती काय द्यावे हा त्यांचा प्रश्न नव्हता. दुसरी तऱ्हा शंकर गणेश दात्यांची. ह्या माणसाने १८०० ते १९३७ पर्यंत छापलेल्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि ती १९४३ साली प्रसिद्ध झाली. पुढच्या तेरा वर्षांची सूची १९६१ साली. दात्यांनी काहीच निवडले नाही, काहीच गाळले नाही. भिकार कादंबरीलाही तीत तिच्या हक्काची ओळ आहे. मी दात्यांच्या सूचीची पाने कित्येक रात्री नुसती चाळली आहेत. विस्मृतीत गेलेल्या लेखकांची एवढी मोठी वस्ती मी दुसरीकडे कोठे पाहिली नाही. तिसरी तऱ्हा कुसुमावती देशपांड्यांची. त्यांच्या ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ ह्या ग्रंथात १८५० ते १९५० ह्या काळातील कादंबरीची छाननी आहे. क्रमांक कोणालाच दिलेला नाही, पण का वाचावे आणि कोठे कमी पडते हे सांगितलेले आहे. ह्याच कुसुमावतीबाई १९६१ साली ग्वाल्हेर येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. अध्यक्षपदाचा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि तो मान मिळाला महाराष्ट्राबाहेरच्या गावी, ह्याचा आपणा बृहन्महाराष्ट्रीयांना थोडा अभिमान वाटावयास हरकत नाही.

ह्या तीन तऱ्हांत न बसणारी चौथी एक यादी मला सांगावयाची आहे. ती कोठे छापलेली नाही.

माझी आई मराठी चौथी शिकलेली. दुपारची झाकपाक झाली की ती वाचीत बसे. सेंट्रल लायब्ररीची पुस्तके बदलून आणण्याचे काम माझ्याकडे. ‘जाड असेल ते आण,’ एवढीच तिची फर्माईश. सरांच्या यादीतील पुस्तके त्याच लायब्ररीतून आणू लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की पुष्कळ प्रतींत एक्केचाळिसाव्या पानावर, पृष्ठांकाच्या शेजारी, पेन्सिलीचे एक बारीक टिंब आहे. मी आईला विचारले. ती म्हणाली, ‘अरे, वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून खूण करते मी. एक्केचाळीस माझं पान. समोरच्या काकू पंधरावर फुली करतात.’ ‘पुस्तकांवर कोणत्याही प्रकारच्या खुणा करू नयेत’ असा शिक्का त्याच पुस्तकांवर पहिल्याच पानावर मारलेला होता! पुस्तके किती झाली, हे तिला ठाऊक नव्हते. मी माझा आकडा अभिमानाने सांगितला तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘मग त्या उषःकालाचं काय केलंस?’ वही तिने पाहिली होती.

आई १९९२ साली गेली. त्यानंतरच्या वर्षी मी ग्रंथपालांची परवानगी घेऊन काही शनिवार मराठी कादंबऱ्यांच्या मांडण्यांपाशी घालविले. जुन्या पोलादी मांडण्या, पायाखाली काचेची जमीन, आणि मी एकेक जुनी प्रत काढून एक्केचाळिसावे पान उघडून पाहतो आहे. शेजारच्या वाचकांना मी वेडसर वाटलो असेन. पुष्कळ जुन्या प्रती बाद झाल्या होत्या, काहींची ती पानेच गळाली होती. तरीही एकशे चौदा पुस्तकांत ते टिंब सापडले. सरांच्या यादीतील एकोणीस त्यांत होती. बाकीची पंच्याण्णव कोणत्याच यादीत नसावीत. काही अगदी सामान्य, काहींची नावे आज दात्यांच्या सूचीखेरीज कोठे आढळणार नाहीत. ‘हिंदोळ्यावर’मध्ये टिंब होते. ज्या घरात ह्या पुस्तकाचे नाव काढण्याची सोय नव्हती त्याच घरात ते, बहुधा माझ्याच हातून, येऊन गेले होते. आणि ‘पण लक्षात कोण घेतो’च्या प्रतीत टिंबे तीन होती, एकाखाली एक. वाचलेले पुन्हा येऊ नये म्हणून खूण करणाऱ्या बाईने हरिभाऊंची यमू तीनदा घरी आणली होती.

माझी स्वतःची नोंदवही मी तोपर्यंत चालूच ठेवली होती. नोकरी, संसार ह्यांतून वर्षाला दहा-बारा मराठी कादंबऱ्या तीत चढत असत. १९९८ च्या जुलैत अमेरिकेत ‘मॉडर्न लायब्ररी’ ह्या प्रकाशनसंस्थेने विसाव्या शतकातील शंभर सर्वोत्तम इंग्रजी कादंबऱ्यांची यादी जाहीर केली. तिकडे असलेल्या पुतण्याने कात्रण पाठविले. पहिली जॉइसची ‘युलिसिस’, दुसरी फिट्झजेरल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’, तिसरी पुन्हा जॉइस. निवड करणाऱ्या दहा जणांच्या मंडळात बाई एकच, ए. एस. बायट. वाचकांनाही मत देण्याची सोय केली होती, तर त्यांच्या कौलात ‘युलिसिस’ऐवजी आयन रँडची ‘ॲटलस श्रग्ड’ पहिली आली. शतक संपत आले की हिशेब मिटविण्याची घाई होते, तसेच हे झाले.

२००१ मध्ये मी निवृत्त झालो आणि महिन्याला दोन ह्या हिशेबाने ही शंभर पुरी करावयाची असा निश्चय केला. साठीच्या उंबरठ्यावर मी पुन्हा आठवीत बसलो. सेंट्रल लायब्ररी, विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी आणि रस्त्यावरचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते ह्यांच्या आधारावर काम चालू झाले. लबाडीही लवकरच सुचली. ‘हार्ट ऑफ डार्कनेस’, ‘ॲनिमल फार्म’, ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ अशी आटोपशीर पुस्तके आधी उरकली, म्हणजे आकडा वाढतो. पुढे त्रेचाळिसाव्या क्रमांकाला अँथनी पॉवेलची ‘अ डान्स टु द म्युझिक ऑफ टाइम’ ही कादंबरी आली, तेव्हा कळले की तिचे भाग बारा आहेत. बारा पुस्तके, आणि वहीत ओळ एक! डॉस पासोसची ‘यू. एस. ए.’ तीन भागांची, ड्यूरेलचे चौपट. महिन्याला दोन हा हिशेब तेथेच कोलमडला. सत्त्याहत्तरावी ‘फिनेगन्स वेक’ मी सहा पानांनंतर ठेवून दिली आणि समाप्तीची तारीख घातली नाही. एवढी सुधारणा माझ्यात झाली होती.

ह्या यादीचे ऋण मात्र मान्य केले पाहिजे. नायपॉल ह्यांची ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ बहात्तराव्या क्रमांकावर आहे. यादी नसती तर त्रिनिदादमधील त्या हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटेला मी गेलोच नसतो. सासरवाडीच्या वाड्यात मिंधेपणाने राहून स्वतःच्या घराची आस धरणारा तो माणूस मला आपल्या गल्लीतला वाटला. पंचविसावी फॉर्स्टरची ‘अ पॅसेज टु इंडिया’. ती वाचताना हे ध्यानात ठेवावे की हा फॉर्स्टर १९२१ साली देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. मराठी दरबार, मराठी सणवार त्याने आतून पाहिले होते. इंदूरपासून हाकेच्या अंतरावर घडलेल्या अनुभवाचा अंश जगप्रसिद्ध कादंबरीत आहे, आणि आमच्या पिढीला हे कोणी सांगितले नव्हते.

२००५ च्या आरंभी आकडा त्रेसष्टवर होता. त्या जानेवारीत नेहमीप्रमाणे गतवर्षाची बेरीज करावयास बसलो आणि सहज भाषावार मोजले. आधीच्या चार वर्षांत मी वाचलेल्या मराठी कादंबऱ्या तीन. कोणी मला मराठी वाचू नकोस असे म्हटले नव्हते. यादीच्या मथळ्यातच ‘इंग्रजी’ हा शब्द होता, मीच तो विसरलो होतो. ‘कोसला’, ‘धग’, ‘फकिरा’, ‘चक्र’ त्या शतकात मोडत नाहीत काय? मोडतात. पण मी ज्या शतकाला टिचक्या मारीत चाललो होतो त्यात त्यांना प्रवेशच नव्हता. पुण्यात राहणाऱ्या माणसाची अशी चार वर्षे गेली तर फारसे बिघडत नाही. त्याच्या कानावर दिवसभर मराठी पडतच असते. आपले तसे नाही. माझ्या वेळी ह्या शाळेत आठवीच्या मराठी तुकड्या दोन होत्या. लायब्ररीत मराठी कादंबरीची मागणी नोंदविणारा एक सभासद चार वर्षे आला नाही, तर त्या मांडणीवर नवी प्रत घेण्याचे कारणही चार वर्षे राहत नाही. पेटीत जे नाही ते जगात नाही, असे मी मघाशी म्हटले. पेटी रिकामी करण्यात माझाही हात लागला होता.

यादीतील सदतीस राहिली ती राहिलीच. त्याच महिन्यात मी ‘उषःकाल’ आणले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावयास मला तेवीस दिवस लागले. प्रत नवी होती, एक्केचाळिसावे पान कोरे होते. १९५७ च्या वहीत विसाव्या ओळीवर, सरांच्या ‘पुन्हा’ ह्या शब्दाखाली, मी समाप्तीची खरी तारीख घातली.

सरांच्या यादीखालच्या त्या पाच कोऱ्या ओळींविषयी त्यांनी कधी काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मी वहीत यादी उतरवून घेतली तेव्हा ओळीही उतरवून घेतल्या होत्या. आता त्यांतील पहिल्या ओळीवर ‘हिंदोळ्यावर’ आहे. दुसरीवर उद्धव शेळके ह्यांची ‘धग’. तिसरीवर ‘कोसला’. चौथीवर नायपॉल. पाचवीवर मी गेल्या वीस वर्षांत चार नावे पेन्सिलीने लिहिली आणि चारही खोडली. ती जागा कागद विरल्यामुळे आता जरा फाटली आहे. वही मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वाधीन केली आहे. शाळेच्या ग्रंथालयात ती ठेवली जाईल असे त्यांनी सांगितले. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी विसावी ओळही अवश्य पाहावी.